कोकणातली डिझेल गाडी आणि डीपीएफ: रीजन पुरं कसं करायचं, ॲव्हरेज कसा राखायचा

मासळीची गाडी, आंब्याचा पिकअप, पर्यटकांची ट्रॅव्हलर, शाळेची व्हॅन. डिझेलवर पोट असलेल्या या सगळ्यांची एकच तक्रार सध्या गॅरेजमध्ये ऐकू येते: "मेस्त्रीनू, पिवळी लाइट पेटली हा, गाडी ओढणा नाय, ॲव्हरेज पण पडलो."

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झाले. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं. डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. एवढी काजळी फिल्टरशिवाय अडवणं जवळपास अशक्य, म्हणून इंजिन आणि सायलेन्सरच्या मध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, येऊन बसला. (आपल्या गाडीत तो आहे का, रीजनचं, म्हणजे साठलेली काजळी जाळायचं, वेगळं बटण दिलंय का, हे आधी गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्या. मॉडेलप्रमाणे फरक असतो.)

माझं म्हणणं सरळ आहे. तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांचा फिल्टर बिघडलेला नसतो. त्याला अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं सलग गरम चालणं लागतं, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या रनिंगमध्ये नेमकं तेच मिळत नाही. ते कुठे आणि कसं मिळवायचं, याची एकदा घडी बसवली की लाइट, ओढ आणि ॲव्हरेज या तिन्ही तक्रारी बऱ्याच कमी होतात.

आत काय चालतं

डीपीएफ म्हणजे सिरॅमिकचा जाळीदार ठोकळा. त्याच्या बारीक नळ्या एकाआड एक बंद केलेल्या असतात, त्यामुळे धूर नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जातो आणि काजळी मागे राहते. ती साठत गेली की धुराला वाट कमी पडते आणि इंजिनवर उलटा दाब येतो. म्हणून ती वेळोवेळी जाळावी लागते. हेच रीजन.

काजळी दोन प्रकारे जळते. गाडी भार घेऊन चालत असेल आणि धूर साधारण २५० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला असेल, तर त्यातल्या नायट्रोजन डायऑक्साइडमुळे काजळी हळूहळू आपोआप जळत राहते. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. एवढ्याने भागलं नाही आणि काजळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, स्वतः रीजन सुरू करतो. बहुतेक गाड्यांत तो सिलिंडरमध्ये थोडं जादा डिझेल उशिरा सोडतो. ते डीपीएफच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टमध्ये जळतं आणि फिल्टर ५५० ते ६५० अंशांपर्यंत तापतो. काम दहा-वीस मिनिटांचं, पण ते मध्ये तुटता कामा नये.

काजळी जळते, राख जळत नाही. राख येते मुख्यतः इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांसारख्या घटकांपासून, आणि कितीही रीजन केलं तरी ती फिल्टरमध्येच राहते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे ऑइल निवडताना लागेल.

आपलं रनिंग आधी तपासा

पहाटे मिरकरवाड्याला किंवा हर्णैला जेट्टीवर गाड्या कशा उभ्या असतात ते आठवा. लिलाव व्हायचाय, बर्फ यायचाय, टप भरायचेत. इंजिन चालू, एसी चालू, ड्रायव्हर आत. धूर दोनशे अंशांच्या आतच, म्हणजे काजळी साठतेय आणि जळत काहीच नाही. तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल जातंय ते वेगळंच. मग माल भरून गावात दोन-चार किलोमीटर, एका हॉटेलात टप उतरवायचा, पुन्हा बंद, पुन्हा सेल्फ. फिल्टर भरायला याहून सोयीचं रनिंग शोधून सापडणार नाही. शाळेच्या व्हॅनचं आणि गावात सिलिंडर पोचवणाऱ्या टेम्पोचंही हेच.

याउलट आंबा भरून वाशी मार्केटला जाणारी, किंवा मासळी घेऊन आंबा घाटाने कोल्हापूरला चढणारी गाडी. साखरप्यापासून वर आंब्यापर्यंत भरल्या गाडीने चढ काढला की धूर चांगला तापतो आणि काजळी आपोआप जळते. अशा गाड्यांना डीपीएफचा त्रास क्वचित होतो. झालाच, तर कारण दुसरं असतं. ते पुढे येईल.

तुम्ही पहिल्या गटात असाल तर काम एकच: आठवड्यातून एकदा-दोनदा लांब आणि सलग पट्टा ठरवून घ्या. सिंधुदुर्गात हे सोपं आहे, कणकवली ते झाराप महामार्ग चौपदरी आणि मोकळा आहे. मालवणची गाडी मालाच्या निमित्ताने कुडाळला जाणार असेलच, तर महामार्गावरचा टप्पा घाईत तीन ठिकाणी थांबत न काढता एका दमात काढा. रत्नागिरीकरांनी हातखंब्याच्या पुढे पालीकडे जाणारी फेरी यासाठी धरावी. हर्णै-दापोली रस्ता वळणांचा आणि गावांचा, तिथे सलग वेग मिळत नाही. दापोलीहून खेडला उतरून महामार्गाला लागाल तेव्हाच खरं काम होतं. नुसतं फिल्टरसाठी डिझेल जाळायला जा असं मी सांगत नाही. ज्या फेऱ्या तशाही होणारच आहेत, त्यांतली एक नीट मांडून घ्यायची.

रीजन सुरू झालं हे कसं ओळखायचं

बऱ्याच गाड्या रीजन सुरू झाल्याचं डॅशबोर्डवर दाखवतच नाहीत. लाइट पेटते ती रीजन दोन-चार वेळा अर्धवट राहिल्यावर. म्हणून कान, नाक आणि डोळे वापरायचे. उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा शंभर-दोनशेने वर राहतात. सायलेन्सरचा आवाज थोडा जड होतो. तात्काळ ॲव्हरेज दाखवणारा आकडा कारण नसताना खाली येतो. थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारा स्टार्ट-स्टॉप असेल तर तो काम करेनासा होतो. मागून गरम, करपल्यासारखा वास येतो. आणि गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहिला, तर समजा की रीजन मध्येच तोडलं गेलं.

ही लक्षणं एकदा ओळखीची झाली की सगळं सोपं जातं. गाडीवर दोन ड्रायव्हर असतील तर दोघांनाही शिकवा. नाहीतर एक जपतो आणि दुसरा रोज तोडतो.

सुरू झाल्यावर काय करायचं

आधी वेग. पन्नास-साठच्या पुढे, एक गिअर खाली ठेवून, आरपीएम २,००० ते २,५०० च्या दरम्यान. पाचव्यात रेंगाळत १,४०० वर चालवलं तर धूर तापत नाही. पळवायचीही गरज नाही, एकसारखं चालवायचं.

मग थांबणं टाळायचं. गाव पाच मिनिटांवर आलं आणि रीजन चालू असेल तर माल उतरवण्याआधी पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन या. तिथे जाणारं डिझेल अर्धवट रीजनपेक्षा स्वस्त पडतं, कारण तुटलेल्या रीजनमध्ये डिझेल जळतं पण काजळी तशीच राहते, आणि थोड्याच किलोमीटरवर ईसीयू पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. थांबावंच लागलं, समजा पाहुणे उतरणार आहेत किंवा रस्ता अडलाय, तर चिंता करू नका. एखादं तुटलं म्हणून काही बिघडत नाही. सवय लागली की बिघडतं.

फेरीबोटीच्या रांगेत हे सगळ्यात जास्त घडतं. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीला लागणार असाल आणि जेट्टीच्या अलीकडेच रीजन सुरू झालं, तर शक्य असल्यास एक बोट सोडा, वरच्या रस्त्यावर एक मोकळी चक्कर मारून रीजन पुरं करा आणि मग खाली उतरा. बोटीवर इंजिन बंदच ठेवावं लागतं, तिथे पर्याय नसतो.

घाट उतरताना वेगळी गोष्ट होते. गिअरमध्ये, ॲक्सिलेटर सोडून उतरताना इंजिनमध्ये डिझेल जातच नाही, फिल्टरमधून नुसती हवा वाहते आणि तो थंड होतो. आंबा घाटाच्या माथ्यावर रीजन सुरू झालं असेल तर ते उतारावर मंदावेल किंवा थांबेल, आणि खाली साखरप्याच्या पुढे पुन्हा भार आला की चालू होईल. म्हणून घाट उतरल्या उतरल्या चहाला थांबू नका, अजून पंधरा-वीस मिनिटं काढा. रीजनसाठी किंवा डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरायचं नाही. ब्रेक तापून निकामी होतात, आणि गिअरमध्ये उतरताना डिझेल तसंही बंदच असतं.

टाकीकडेही बघा. काटा रिझर्व्हला आला की अनेक गाड्यांमध्ये ईसीयू रीजन सुरूच करत नाही. पाचशे-पाचशेचं डिझेल टाकून गाडी कायम लाल पट्ट्यात चालवणाऱ्यांचा फिल्टर म्हणूनच लवकर भरतो. पाव टाकी ही किमान पातळी धरा.

पिवळी लाइट लागली तर

नुसती डीपीएफची लाइट आहे, बाकी काही नाही आणि ओढ ठीक आहे: त्याच दिवशी वर सांगितल्याप्रमाणे सलग वीस-पंचवीस मिनिटं महामार्गावर चालवा. बहुतेक वेळा लाइट जाते. लाइट लुकलुकायला लागली, जोडीला इंजिनची लाइटही आली किंवा गाडीने ताकद कापली (लिम्प मोड), तर आता पळवून उपयोग नाही. स्कॅनर लावून काजळीचं प्रमाण बघावं लागतं आणि गॅरेजमध्ये उभं रीजन, म्हणजे गाडी जागेवर उभी ठेवून रीजन, करावं लागतं. नुसता बिघाडाचा कोड पुसून गाडी परत देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. काजळी तिथेच असते. फार साठलेल्या काजळीला मग एकदम पेट मिळाला तर सिरॅमिक तडकू किंवा वितळू शकतं, आणि नवा फिल्टर महाग असतो.

काही गाड्यांत उभ्या रीजनचं बटण ड्रायव्हरलाच दिलेलं असतं. ते कुठे दाबता यावर जीव आणि माल दोन्ही अवलंबून आहेत. एप्रिल-मे महिन्यात आंब्याच्या आवारात काय असतं बघा: पेट्यांत घालायचा भाताचा पेंढा ढिगाने पडलेला, अढीसाठी पसरलेला, वाऱ्याने गाडीखाली सरकलेला. शेजारी रिकाम्या लाकडी पेट्यांची थप्पी. उभ्या रीजनमध्ये सायलेन्सरच्या जवळही हात धरवत नाही, आणि त्याखाली एक मूठभर पेंढा पुरतो. सड्यावरच्या वाळलेल्या गवतातही हीच भीती. गाडी मोकळ्या कातळावर किंवा सिमेंटवर, भिंतीपासून लांब लावा. खाली वाकून पेंढा, पोतं, प्लॅस्टिक काही अडकलंय का ते हाताने तपासा. मागे मुलं उभी राहणार नाहीत हे बघा आणि मगच बटण दाबा. बंद शेडमध्ये तर कधीच नाही. चालत्या गाडीत झालेल्या रीजननंतर पार्क करतानाही गवत टाळा.

ऑइल

रीजनमध्ये उशिरा सोडलेल्या डिझेलपैकी थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. रीजन वारंवार तुटलं तर हे प्रमाण वाढतं, ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी वर चढते. आपण आजवर ऑइल कमी झालं का एवढंच बघत आलो. आता वाढलंय का तेही बघायचं. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी थंड गाडी सपाटीवर उभी करून डिपस्टिक काढा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर किलोमीटर पुरे झाले नसले तरी ऑइल बदला. तसंच चालवत राहिलात तर टर्बो आणि बेअरिंग जातात.

ऑइल कमी राखेचंच हवं. डब्यावर काय लिहिलेलं हवं हे पुस्तिकेत दिलेलं असतं: लहान गाड्यांना बहुधा एसीईए सी२ किंवा सी३, व्यावसायिक गाड्यांना बऱ्याचदा एपीआय सीके-४. जुन्या ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल टाकून चालणार नाही. त्यातली राख फिल्टरमध्ये कायमची बसते. होडीसाठी बॅरलमध्ये साठवलेलं डिझेलही गाडीत ओतू नका. त्यात पाणी आणि गंज असतो, आणि इंजेक्टर बिघडला की काजळी भराभर साठते.

ॲव्हरेज नीट मोजा

एका टाकीवरून निष्कर्ष काढला की फसगत होते, कारण एखाद्या टाकीत दोन रीजन येतात, दुसऱ्यात एकही नाही. त्याच पंपावर टाकी फुल करा, कट झाल्यावर थांबा, किलोमीटर लिहा, आणि सलग तीन-चार टाक्यांची बेरीज करून भागाकार करा. वहीत बाजूला भार आणि मार्गही लिहा. भरून घाट चढलेली टाकी आणि गावात रिकामी फिरलेली टाकी एकमेकींशी ताडून काही कळत नाही.

आता रीजनचा खरा खर्च बघू. समजा गाडी १२ चा ॲव्हरेज देते, म्हणजे १,२०० किलोमीटरला १०० लिटर. एका रीजनला अर्धा लिटर जादा जातं असं धरा. दर ६०० किलोमीटरला रीजन होत असेल तर दोन रीजन, एक लिटर, ॲव्हरेज ११.९. तेच दर १५० किलोमीटरला होत असेल तर आठ रीजन, चार लिटर, ॲव्हरेज ११.५. म्हणजे रीजन लवकर लवकर होणं हे लिटरमागे साधारण ०.३ ते ०.४ किलोमीटरचं नुकसान आहे. वर्षभराचा हिशेब केला तर ते लहान नाही. पण ॲव्हरेज १२ वरून १० वर आला असेल तर सगळं खापर डीपीएफवर फोडू नका. दुसरीकडे शोधा.

शोधायची पहिली जागा म्हणजे ब्रेक. खाऱ्या हवेत आणि मासळीच्या पाण्यात कॅलिपरची पिन गंजते, ब्रेक सुटत नाही आणि गाडी ओढत राहते. सपाट रस्त्यावर फार ब्रेक न लावता काही अंतर चालवा, थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एक चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागलं तर चोर तिथे आहे. दुसरी जागा थर्मोस्टॅट. घाट उतरताना तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून खाली घसरत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. इंजिन पुरतं तापत नाही, डिझेल जास्त जातं, आणि पाणी साधारण ७० अंशांच्या वर गेल्याशिवाय ईसीयू रीजनही सुरू करत नाही. फिल्टर धुऊन झाला, सेन्सर बदलून झाले, तरी लाइट जात नाही अशा गाड्यांमध्ये हा छोटा भाग तपासायचा राहून गेलेला असतो. मग टायरमधली हवा, आठवड्यातून एकदा, थंड टायरला, भारानुसार. आणि टपावरचा रिकामा कॅरिअर, पर्यटकांचा मोसम संपला की काढून ठेवा.

महामार्गावर चालूनही रीजन फार लवकर लवकर येत असेल तर इंजिनच जास्त काजळी करतंय. एअर फिल्टर बघा, जांभ्याच्या खाणीच्या रस्त्यांवर लाल धुळीने तो मुदतीच्या निम्म्यातच भरतो. टर्बोपासून येणारा हवेचा रबरी पाइप फाटलाय का, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय का, इंजेक्टर टपकतोय का, या क्रमाने जा. स्वस्त आणि सोपं आधी.

खारा वारा, पाऊस

फिल्टर किती भरलाय हे ईसीयूला कळतं ते दाबाच्या सेन्सरवरून. फिल्टरच्या आधी आणि नंतर अशा दोन बारीक नळ्या निघून त्या सेन्सरला जातात. एखादी रबरी नळी चिरली, निसटली किंवा तिच्यात पाणी साठलं तर सेन्सर चुकीचं सांगतो, आणि रिकामा फिल्टरही भरलेला दिसतो. मासळीच्या गाडीत टपांचं खारं पाणी हौद्यातून गळून याच भागावर पडतं. कनेक्टर काढून बघा: आतल्या पितळी पिनांवर हिरवट-पांढरी पूड धरलेली असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, आणि पाणी बाजूला जाईल असा पन्हळ हौद्याखाली लावून घ्या. रोजच्या धुण्यात गोडं पाणी गाडीच्या पोटाखालीही मारा, पण नुकतंच रीजन झालेल्या तापल्या फिल्टरवर नाही. पावसात रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तिथेही हाच नियम: आधी थोडं निवू द्या.

युरियाच्या द्रावणाची, म्हणजे डीईएफची टाकी असलेल्या गाड्यांसाठी एक गोष्ट. ३५ अंशांच्या आसपास साठवलेलं डीईएफ साधारण सहा महिनेच टिकतं. उन्हात गाडीच्या टपावर कॅन ठेवू नका आणि जुना साठा स्वस्तात घेऊ नका.

काढून टाकणं आणि जुनी गाडी घेणं

"काढून टाक, सरळ पाइप लाव" हा सल्ला सगळीकडे मिळतो. ऐकू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती बारीक काजळी फुप्फुसात खोल जाते, आणि जेट्टीवर टप उचलणाऱ्या बायका, शाळेच्या व्हॅनमागे उभी असलेली मुलं तीच श्वासात घेतात. राखेने खरोखर भरलेला फिल्टर काढून यंत्रावर साफ करून देणारी ठिकाणं मोठ्या शहरांत आहेत. बराच काळ चाललेल्या गाडीला तो खर्च एकदा येणारच, तो गृहीत धरून पैसे बाजूला ठेवा. टाकीत ओतायच्या बाटल्यांनी राख जात नाही.

जुनी बीएस-६ डिझेल गाडी घेत असाल तर इंजिनचा आवाज ऐकण्याआधी दोन तपासण्या करा. स्कॅनरवर काजळीचं आणि राखेचं प्रमाण, आणि शेवटच्या पुऱ्या रीजननंतर किती किलोमीटर झाले ते बघा. मग थंड गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. चांगल्या डीपीएफमागे पाइप आतून जवळपास स्वच्छ असतो. बोटाला जाड काळी काजळी लागली तर फिल्टर फुटलाय किंवा काढलाय, आणि मग किंमत नव्या फिल्टरचे पैसे वजा करूनच ठरवा.